अभिनंदनाचा ठराव

साहेबांच्या खिशाला कधी पेन नसायचं, टेस्टर असायचा. लग्नातही असायचा आणि मयतीलाही. सहीची वेळ आली की ते दुसऱ्याचं पेन मागून घेत आणि परत द्यायला विसरत. टेस्टर मात्र कुणी मागितला तर आधी विचारत, "कशाला?" उत्तर पटलं नाही तर टेस्टर मिळत नसे. म्हणून पाठीमागे गाव त्यांना 'टेस्टर'च म्हणायचं. मीही म्हणायचो. या माणसाने मला सणसवाडीच्या कारखान्यात चिकटवलं, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहायला जागा दिली, पहिला पगार होईपर्यंत जेवू घातलं. त्यांना टेस्टर म्हणताना मला लाज वाटायला हवी होती. वाटायचीही, पण हसून झाल्यावर.

साहेब जाऊन दोन उन्हाळे झाले. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहितो, तेवढंच ऋण फिटेल, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग लिहिताना हसताय कशाला?"

मेंटेनन्स खात्यात ते माझे वरिष्ठ. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची समाधी. "बेअरिंग बोलतं," ते म्हणत, "तुम्ही मधे बोलू नका." खोलीवरचा फ्रीज, शेजाऱ्याचा कूलर, दुधाच्या टेम्पोचं इंजिन, सगळ्यांशी त्यांचं बोलणं होई. एकदा घरमालकाचे म्हातारे वडील ओसरीवर खोकत होते, तेव्हा साहेबांचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

त्यांचे नियम थोडे होते आणि ते दिवसभर ऐकावे लागत. आधी बघ, मग हात लाव. एका वेळी एकच गोष्ट बदल. अर्ध्यातून तोड, म्हणजे लांबलचक यंत्रणेत बिघाड असेल तर एका टोकापासून चाचपडत जाऊ नको. मधोमध तपास, अर्धा भाग निर्दोष ठरव, मग उरलेल्याचा अर्धा. आणि सगळ्यात लाडका प्रश्न, "शेवटचं व्यवस्थित कधी चाललं होतं? त्यानंतर काय बदललं?"

हा प्रश्न त्यांनी कारखान्यात ठेवला असता तर प्रश्न नव्हता. भावकीतल्या एका नवरा-बायकोचं भांडण मिटवायला त्यांना बोलावलं होतं. दोघांचं तासभर ऐकून साहेबांनी नवऱ्याला विचारलं, "शेवटचं व्यवस्थित कधी चाललं होतं?" तो जरा आठवून म्हणाला, "साखरपुड्याला." साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि विचारलं, "त्यानंतर काय बदललं?" पुन्हा त्यांना कुणी भांडण मिटवायला नेलं नाही.

त्यांचं पोट बिघडलं तेव्हा काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, जे हाल झाले ते मला माहीत आहेत, कारण शनिवार-रविवार गावी आलो की मी त्यांच्याकडे जेवायचो. डॉक्टरकडे जायचं सोडून साहेबांनी एकेक जिन्नस बंद करायला घेतला. एक आठवडा मिरची नाही. पोट तसंच. मग मिरची सुरू आणि शेंगदाणे बंद. मग शेंगदाणे सुरू आणि चहा बंद. "सगळंच बंद करा ना एकदम," काकू म्हणाल्या. "मग कशानं झालं ते कसं कळणार?" "कळून काय करायचंय? बरं व्हायचंय ना?" साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "ही प्रॉडक्शन मॅनेजरसारखी बोलते."

प्रॉडक्शन मॅनेजर हा त्यांचा जन्माचा वैरी. मॅनेजरच्या मते मशीन बंद पडलं की भराभर सगळं बदलायचं. सेन्सर, केबल, कार्ड, जे हाताला लागेल ते, आणि चालू झालं की सोडून द्यायचं. "साहब, चालू कर दो, कारण बाद में ढूँढना," तो हात जोडायचा. साहेब म्हणायचे, "चालू झालं की कारण पळून जातं."

आमच्याकडे एक प्रेस रोज दुपार कलली की बंद पडायचा आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचा. त्याचं सगळं बदलून झालं होतं. ऑपरेटरही बदलून झाला होता. साहेब स्टूल टाकून त्याच्यासमोर बसले आणि बसूनच राहिले. शेवटी सापडलं. छताचा एक पत्रा फुटका होता. त्यातून येणारं ऊन उतरत उतरत बरोबर सेन्सरच्या डोळ्यावर पडायचं. मॅनेजरने आनंदाने पुठ्ठा आणून आडवा लावला. प्रेस चालू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पुठ्ठा काढला. प्रेस बंद.

"ये क्या कर रहे हो साहब?"

"पुठ्ठा लावला की चालू, काढला की बंद, हे तीनदा झाल्याशिवाय मी सही करणार नाही." तोवर ऊन सरकून गेलं होतं. राहिलेली दोन वेळा बघायला आणखी दोन दुपारी गेल्या, कारण सूर्य साहेबांच्या ताब्यात नव्हता. ग्राहक कंपनीला पाठवायच्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'मूळ कारण : सूर्य. जबाबदार व्यक्ती : नाही.' वरून तो अहवाल परत आला. जबाबदार व्यक्तीचा रकाना मोकळा ठेवायचा नसतो म्हणे. साहेब सही करीनात, तेव्हा मॅनेजरने स्वतः तिथे जुन्या ऑपरेटरचं नाव लिहून टाकलं. उन्हाला नोटीस देता येत नाही, माणसाला देता येते. साहेबांना बढती मिळाली नाही. ते लवकर निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा आम्ही त्यांना मोठा टेस्टर भेट दिला. ती चेष्टा होती. त्यांना ती कळली नाही. कुठून आणला, एवढंच विचारलं.

खुटबावजवळ आमची काही शेतकऱ्यांची मिळून एक उपसा योजना आहे. नदीवर मोटार, तिथून जमिनीखालून गेलेली लांब पाइपलाइन आणि ज्याच्या त्याच्या पाळीला पाणी. योजनेचे अध्यक्ष आप्पा, माझे चुलत चुलते. साहेब गावी आल्यावर त्यांना चिटणीस केलं, कारण फुकट काम करणारा आणि हिशेबात हात न घालणारा दुसरा माणूस गावात नव्हता.

पाइपलाइनच्या अगदी शेवटी कांताबाईंचं रान आहे, बुद्धविहाराच्या मागचं. नवरा दौंडला रेल्वेत. शेती बाईंच्याच अंगावर. पाइपलाइन टाकताना शेवट कुणाच्या रानात करायचा यावर फारशी चर्चा झाली नव्हती. त्या उन्हाळ्यात बाईंनी दोडक्याचा मांडव घातला होता. वेल तारेवर चढले, पिवळी फुलं लागली आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या पाळीला पाइपातून करंगळीएवढी धार यायला लागली. फुलं गळायला लागली. आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं नाही तर मांडव जाणार हे उघड होतं. बाई साहेबांकडे आल्या. मी तेव्हा रजेवर गावीच होतो.

"साहेब, मोटार तीच, नदीला पानी हाय, पाळी बी माझीच. मग पानी कुठं जातंय?"

पाणी कुठे जातंय हे गावात साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं. आप्पांच्या शेततळ्यात. कालवा बंद असायचा, विहिरी खोल गेलेल्या असायच्या आणि आप्पांच्या शेततळ्यात भर उन्हाळ्यात बदकं पोहायची. जमिनीखालच्या पाइपाला कुठेतरी तोटी बसवलेली होती आणि ती कांताबाईंच्या पाळीला उघडायची. पण कुणाची सोसायटीतली फाइल आप्पांकडे, कुणाच्या पोराची नोकरी, आणि माझ्यासारख्यांच्या बाबतीत तर भावकी. बदकं फार छान आहेत, एवढंच आम्ही बोलायचो.

साहेबांनी मात्र कामाला शास्त्रशुद्ध सुरुवात केली. पाइपलाइनवर मधेमधे चेंबर आहेत. प्रत्येकात व्हॉल्व्ह. मधला व्हॉल्व्ह बंद करायचा, पाइप भरायचा, मोटार थांबवायची आणि प्रेशर मीटरच्या काट्याकडे बघायचं. काटा खाली आला तर बिघाड अलीकडच्या अर्ध्यात. नाही आला तर पलीकडच्या. त्यांनी योजनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'उद्या सकाळी नऊला चाचणी. सर्वांनी उपस्थित राहावे.'

सर्व उपस्थित राहिले. आप्पांनी तर चहाची किटली पाठवली. काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडचा अर्धा भाग तपासला. पुन्हा मेसेज, पुन्हा चहा, पुन्हा काटा जागच्या जागी. सगळी पाइपलाइन निर्दोष ठरली. लोक घरी गेले आणि बाईंच्या पाइपाची धार पुन्हा करंगळीएवढी झाली.

"तुमी बघता तवा पानी येतंय," कांताबाई म्हणाल्या. "मग रोज येऊन बघत बसा की माझ्या रानात."

पारावर हसून हसून आमची मुरकुंडी वळली. साहेब विचारात पडले. मला म्हणाले, "चाचणी केली की बिघाड जातो. म्हणजे चाचणीच्या दिवशी काहीतरी वेगळं होतं. काय वेगळं होतं?"

आता तरी डोक्यात प्रकाश पडेल असं मला वाटलं.

"दोन गोष्टी," साहेब म्हणाले. "ग्रुपवर मेसेज जातो, आणि चहा येतो. एका वेळी एकच बदलायची. आधी चहा बंद."

खरोखर त्यांनी पुढच्या चाचणीला आप्पांची किटली परत पाठवली. मेसेज मात्र टाकला. काटा हलला नाही. त्याच्या पुढच्या चाचणीला त्यांनी मेसेज टाकला नाही आणि घरून थर्मासमध्ये चहा आणला, कारण या वेळी बदलायचा होता तो फक्त मेसेज. भर दुपारी, बाईंच्या पाळीत, मला आणि कांताबाईंना घेऊन ते चेंबरवर गेले, व्हॉल्व्ह बंद केला, आम्हा दोघांना कपात चहा ओतून दिला आणि काट्याकडे बघत बसले. काटा सावकाश खाली आला.

"चहाचा संबंध नाही," साहेब म्हणाले.

कांताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

त्यानंतर साहेब न सांगता जायला लागले आणि अर्ध्याचा अर्धा करत गेले. पारावरचं हसणं कमी होत गेलं. "आज कुठला चेंबर?" "वडाखालचा." "मंग उद्या?" उद्याचा चेंबर आप्पांच्या बांधावरचा होता, त्यामुळे पार लवकर मोकळा झाला. बिघाड शेवटी दोन चेंबरांच्या मधे सापडला, आणि त्या दोन चेंबरांच्या मधे आप्पांच्या उसाशिवाय काहीही नव्हतं. साहेबांनी ग्रुपवर टाकलं, 'बिघाडाची जागा निश्चित. रविवारी खोदकाम.'

दुसऱ्या दिवशी कासुर्डीजवळच्या कार्यालयात गावातलं एक लग्न होतं. आप्पा लग्न चुकवत नाहीत. जेवतील न जेवतील, पण अक्षता टाकायला आणि आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला हजर. माइकवाल्याने सवयीने पुकारलं, "आपले सर्वांचे मार्गदर्शक आप्पा यांचं शाल देऊन स्वागत," आणि शाल उलगडून उभा राहिला. पुढची खुर्ची मोकळी.

"आप्पा न्हाई आलं व्हय?" माझ्या शेजारी बसलेले, योजनेतलेच एक मामा म्हणाले.

"आज त्यांच्या रानात लगीन हाय," मागून कुणीतरी म्हणालं. अख्खी रांग अक्षता टाकायच्या आधीच हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी कांताबाईंच्या पाळीला असं पाणी आलं की सरी फुटली. बाईंनी फोन केला. साहेब आले, पाण्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कुणी हात लावला?"

"पानी आलं की साहेब!"

"पण का आलं?"

"आता पानी आलं म्हनून रडू का मी?"

संध्याकाळपर्यंत योजनेचे चार सभासद साहेबांच्या ओसरीवर. मीही होतो, समजूत घालायला. सगळ्यांचं म्हणणं एकच, पाइपात हवा धरली होती, निघाली, विषय संपला. कशाला आता आप्पांचा ऊस मोडायचा? साहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले, "न सापडलेला बिघाड दुरुस्त झालेला नसतो. पुढच्या उन्हाळ्यात तो परत येईल." मामा वैतागले, "आवं, न्हाई येनार!" "कशावरून?" यावर मामांकडे उत्तर होतं, पण ते ओसरीवर सांगण्यासारखं नव्हतं.

कांताबाई बाहेर उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. पाणी त्यांचं. त्या नको म्हणाल्या असत्या तर मिटलं असतं. बाईंनी पदर खोचला. "पुढच्या उन्हाळ्यात बी मला मांडव घालायचाय," त्या म्हणाल्या. "खड्डा खांदा."

आप्पांनी हरकत घेतली नाही. "खांदा की," ते मोकळं हसून म्हणाले, "योजना काय माझ्या एकट्याची हाय?" त्या हसण्यावरून आम्ही ओळखलं की आत आता काही सापडायचं नाही. तरी सगळं गाव जमलं. खोदलं. आणि दिसलं ते असं. अलीकडे जुना, मातकट, काळपट पाइप. पलीकडेही तसाच. आणि मधे एक कोराकरकरीत तुकडा, कंपनीची अक्षरं लखलखीत, जोडावरचं सोल्युशन अजून चकाकतंय. तोटी गेली होती, पण तिच्या जागी बसवलेला पाइप ओरडून सांगत होता.

सगळे आभाळाकडे, उसाकडे, चपलांकडे बघत होते. साहेब खड्ड्यात उतरले. जोडावरून हात फिरवला, टेस्टरच्या मुठीने टक्टक् करून पाहिलं आणि वर बघून आनंदाने म्हणाले, "उत्कृष्ट जोड! इथं कुणीतरी आधीच दुरुस्ती केली आहे. कुणी केली?"

मी तोंडावर रुमाल धरला. आप्पांकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती. माहीत नाही म्हणावं तर त्यांच्या उसात परका माणूस खोदून गेला कसा?

"मीच केली," आप्पा शेवटी म्हणाले. "जरा गळत हुता पाइप. म्हटलं कशाला कुनाला तरास."

"स्वतःहून? स्वखर्चाने?" साहेब खड्ड्यातून वर आले आणि त्यांनी चिखलाच्या हाताने आप्पांचा हात हातात घेतला. "आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाहीत?"

मारुतीच्या देवळापुढे खास सभा झाली. साहेबांनी आप्पांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. शाल, श्रीफळ. ती शाल मी आणली होती. आभाराचे दोन शब्दही मीच बोललो आणि चोरीचं असं तोंडभर कौतुक मी त्याआधी केलेलं नव्हतं. माझा आवाज थरथरत होता. लोकांना वाटलं गहिवर. मग साहेब म्हणाले, कारखान्यात एक पद्धत असते. जो दुरुस्ती करतो तो त्या कामाची जबाबदारी घेतो. तेव्हा इथून शेवटच्या रानापर्यंतच्या प्रेशरची जबाबदारी आप्पांनी स्वीकारावी. ते काम त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही, याचा पुरावा आपण सगळ्यांनी खड्ड्यात पाहिला आहे.

शाल अंगावर असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

"अनुमोदन?" साहेबांनी विचारलं.

"माझं," बायकांच्या घोळक्यातून कांताबाई उठल्या. "आन् प्रेशर कमी झालं तर फोन कुनाला लावायचा, ते बी ठरावात लिवा. आप्पांचा नंबर हाय माझ्याकडं."

एकमताने मंजूर झालं. इतक्या जोरात टाळ्या आप्पांना निवडून आल्यावरही पडल्या नव्हत्या.

परत येताना साहेब खट्टू होते. "दुरुस्ती सापडली," म्हणाले, "पण बिघाड कसला होता ते राहिलंच." मला राहवलं नाही. "साहेब, खरं सांगा, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

ते थांबले. "मला काय कळलं ते सोड. खड्ड्यात काय दिसलं?"

"नवा पाइप."

"मग अहवालात तेवढंच लिही."

त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांनी आम्हाला मूर्ख बनवलं की आम्हीच त्यांना, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या तिसऱ्याच्या दिवशी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी एवढी वर्षं संसार केला, मला न्हाई कळलं. तुला रे काय कळनार?"

परवा विहारामागच्या रस्त्याने चाललो होतो. कांताबाईंच्या बांधाला आप्पांची पांढरी गाडी उभी. आप्पा कडक इस्त्रीत, विजार पोटरीपर्यंत दुमडून, चेंबरपाशी उकिडवे बसले होते आणि मीटरच्या काट्याकडे बघत होते. शेजारी बाई कमरेवर हात देऊन उभ्या.

"आता बरोबर हाय का?" आप्पांनी विचारलं.

"अजून जरा येऊ द्या," बाई म्हणाल्या. "घाई हाय व्हय तुमाला?"

आप्पा बसून राहिले. मग पाणी सरीच्या टोकाला पोचलं, तशा बाई मांडवात गेल्या आणि पिशवीभर दोडकी घेऊन आल्या.

"घ्या, पैल्या तोडीची. पानी तुमचंच हाय ह्यात."

आप्पांनी इकडे-तिकडे पाहिलं. रस्त्यावर मी उभा होतो. त्यांनी पिशवी घेतली.